दहाच्या आत

आमच्या गल्लीतल्या कपाटवाल्याला महत्त्वाकांक्षा नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. होती, दहा माणसांपर्यंत होती. दहा कारागिरांपर्यंत कर हलका, अकरावा ठेवला की सगळ्या धंद्यावर भारी कर. लहान उद्योगांना हात द्यावा म्हणून केलेला हा नियम त्याने इतका मनावर घेतला, की लहान राहणं हाच त्याचा उद्योग झाला. वसतिगृहाची मोठी ऑर्डर चालून आली, तर "सध्या माणसं नाहीत हो" म्हणून त्याने ती हात जोडून परत पाठवली.

अकरावे होते त्याचे काका. रंधा धरायला त्यांनीच शिकवलेलं. पॉलिशला अजूनही त्यांचाच हात लागायचा, पण कागदोपत्री ते रोज सकाळी 'सहज भेटायला' येत.

एके दुपारी करखात्याचे साहेब न सांगता येऊन ठाकले. मागचं दार फळ्यांनी अडलेलं. काकांचे हात कोपरापर्यंत पॉलिशने माखलेले. पाहुणे म्हणून खपणं अशक्य. पुतण्याने तयार कपाट उघडलं. "काका, दोनच मिनिटं."

साहेबांनी माणसं मोजली, चहा घेतला आणि नेमके त्याच कपाटाला टेकले. "दहाच? वाढवत का नाही?"

"नियम आहे ना, साहेब."

"अहो, मर्यादा गेल्या वर्षीच पंचवीसवर नेली! पेपर वाचत नाही का तुम्ही?"

आता कपाटाचं दार उघडायला कायद्याची हरकत नव्हती. लाजेची होती. कपाटवाला कोरडी बशी पुसत राहिला. तेवढ्यात आतून खोकला आला.

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, मग कपाटवाल्याकडे. "बिजागरीला तेल घाला," एवढंच म्हणाले आणि गेले. चिडले असते तर परवडलं असतं.

काका घामाने निथळत बाहेर आले. "मग? आता मी मोजणीत आलो का रे?"

कपाटवाला बिजागरीला तेल घालू लागला.

पुढे वसतिगृहाची ऑर्डर त्याने स्वतः जाऊन, चार शब्द ऐकून घेऊन आणली. नवी माणसं ठेवली. अर्थतज्ज्ञ जिला वाढ म्हणतात तीही झाली. काकांचा पगार सगळ्यांच्या आधी ठरला. फक्त प्रत्येक कपाट टेम्पोत चढवण्याआधी काका त्यावर टकटक करतात आणि मोठ्याने विचारतात, "आत कोणी आहे का?"

कारागीर खो-खो हसतात. कपाटवाल्याला नेमकं तेव्हाच मागच्या बाजूला काहीतरी शोधायचं असतं.