आशाताई शांत बसायला शिकवतात

सोनईत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला सगळे नुसतं आशाताई म्हणतात. मी बाळंत झाले आणि कारण नसताना रडू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या दर मंगळवारी मला शांत बसायला शिकवायला येऊ लागल्या.

"डोळं मीट. श्वासाकडं ध्यान दे. मनात काय बी येऊ दे, आलं तसं जाईल," असं म्हणायच्या आणि लगेच विचारायच्या, "आलं का? काय आलं? गेलं का?" त्यांना दहा सेकंदही गप्प राहवत नसे.

एका मंगळवारी सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बाळ झाल्यावर कुनी रडतं व्हय? आमी न्हाई रडलो."

"एकदा बी न्हाई, मावशी?" आशाताईंनी विचारलं आणि चक्क उत्तराची वाट पाहत बसल्या. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तरी बोलल्या नाहीत.

"गोठ्यात जाऊन रडायचे," शेवटी सासूबाई म्हणाल्या. "म्हशीला ठाव हाय."

"मग हिला घरात रडू द्या की."

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. माझ्या मांडीवरचं बाळ त्यांनी उचललं आणि त्याला म्हैस दाखवायला घेऊन गेल्या.