बर्फाशिवायचं वर्ष

आमच्या ह्यांनी सहा गावांच्या मच्छीमार सोसायटीतून आपलं गाव बाहेर काढलं, ते मला बाजारात कळलं. घरात नाही, बाजारात! इतकी वर्षं मासे मी विकतेय, पण विचारावं म्हणून कुणी विचारलं नाही. राग आला. आजही येतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. तापीचा मोठा डोह आमच्या गावाला लागून. 'मासा आपल्या डोहाचा, आणि जाळं कधी टाकायचं ते दुसऱ्या गावांनी सांगायचं?' असं हे म्हणायचे. सोसायटीच्या बैठकीत आमच्या गावाची खुर्ची ह्यांची होती. ती सोडून आले, ते छाती अशी फुगवून की सदऱ्याचं बटण तेवढं तुटायचं बाकी.

पहिल्या दिवशी जाळी भरून आली. रोहू, कटला, हातभर लांब मरळ. काठावर नुसता जल्लोष. मी विचारलं, "बर्फ कुठंय?" बर्फ आणि जळगावला जाणारा टेम्पो सोसायटीचा, हे एवढ्या बाप्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. धन्य ती माणसं!

मग मी दोन पाट्या घेऊन यावलला निघाले. वास आल्याबरोबर एसटीच्या कंडक्टरने खाली उतरवलं. बैलगाडीने पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मासळीच्या ओळीत सोसायटीच्या बायका बर्फातला मासा घेऊन बसलेल्या. त्यातली एक सरकली, मला जागा दिली, तेव्हा रडूच फुटलं. पण गिऱ्हाईक माझ्या माशाचे कल्ले उघडून बघायचं आणि पुढे जायचं. वर्षभर हेच चाललं.

उरलेला मासा गावातले एक आबा केळीच्या बागेत पुरायला न्यायचे. आबा माळकरी, मासळी म्हटलं की नाक दाबणारे, पण केळीला चालते म्हणे! वर्ष सरता सरता त्यांनी आमच्याकडे एक घड धाडला. असा भरलेला घड मी तोवर पाहिला नव्हता.

हे ओट्यावर त्या घडाकडे बघत बसले. माझं माहेर धरणगावकडचं, माझ्या अहिराणीवरून हे मला नेहमी चिडवायचे. मी म्हटलं, "खा ना, आपलाच मासा शे." त्या दिवशी चिडवलं नाही. एक केळ सोललं, निम्मं खाल्लं आणि उरलेलं हातात धरून बसून राहिले.

सकाळी घड खांद्यावर घेऊन सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले. दुपारी परतले. चपला काढता काढता म्हणाले, "सोमवारपासून टेम्पो येईल. जाळं ते सांगतील तेव्हाच टाकायचं. आणि बैठकीत आपल्या गावाला आता खुर्ची नाही."

आवाज पार बसला होता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि तरी तोंडातून निघालंच, "मी बर्फ मागितला होता. खुर्ची नाही."