वन्संची टाकी

आमच्या वन्संना एका जागी बसलेलं पाहिलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची पाठची बहीण. लग्न केलं नाही ते एका परीनं बरंच झालं, कारण अंतरपाट धरून मंगलाष्टका संपेपर्यंत ह्या बाई नवरदेवाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या असत्या. जेवायला 'बसतात' म्हणायची आपली एक पद्धत. प्रत्यक्षात कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाचटणी, असा ऐवज हातात घेऊन त्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फिरतात, मध्येच गच्चीवर काय चाललंय ते बघून येतात, आणि त्यांच्यामागून भाकरीचा चुरा गोळा करत केरसुणी घेऊन मी. "वन्सं, अहो दोन मिनिटं टेका की!" म्हटलं, की "टेकले की वहिनी!" असं जिन्यावरून उत्तर येतं. एकदा हौसेनं स्टुडिओत जाऊन घरातल्या सगळ्यांचा फोटो काढला. त्यात आम्ही सगळे आहोत, आणि कडेला एक निळी धांदल आहे. त्या वन्सं. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये टांगलेला आहे.

आणि गंमत बघा, ह्या बाईंची नोकरी काय, तर दुसऱ्यांना न हलता पडून राहायला शिकवायचं! थट्टा नाही, खरंच. वन्सं मानसशास्त्र शिकलेल्या. काही मुलांचं मन ऐन कॉलेजच्या वयात दोन टोकांना जातं. कधी दिवस न् दिवस झोप नको, जेवण नको, नुसते बेत आणि बडबड. आणि मग महिनोन्‌महिने अंथरुणातून उठवत नाही. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. अशा मुलांच्या, त्यांच्या भावंडांच्या आणि काहीच त्रास नसलेल्या मुलांच्या मेंदूचे फोटो एमआरआयच्या मशीनमध्ये काढायचे आणि शेजारी शेजारी ठेवून फरक शोधायचा, असं एक संशोधन सात रस्त्याजवळच्या तपासणी केंद्रात चाललं होतं. फोटो निघेपर्यंत डोकं जरासुद्धा हलून चालत नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. आता विशीच्या आतलं पोरगं आणि अर्धा-पाऊण तास गप पडून? ते काम कुणाच्या गळ्यात पडलं, तर आमच्या वन्संच्या.

खरं मशीन सरावाला कोण देणार? म्हणून वन्संनी आमच्या गच्चीवरची चीर गेलेली पाण्याची काळी टाकी खाली उतरवली, दोन्ही बाजूंनी कापवून अंगणात आडवी केली आणि तिच्यात फळी घातली. झालं मशीन! पोरानं फळीवर पडायचं, डोकं टाकीत, पाय बाहेर. कपाळावर शेंगेचं टरफल ठेवायचं. टरफल पडलं की पुन्हा पहिल्यापासून. मशीन आत खडखड आवाज करतं, त्याची सवय व्हावी म्हणून वन्सं तो आवाज स्पीकरवर लावायच्या. पहिल्या दिवशी शेजारच्या विणकर बाई धावत आल्या. "ताई, घरात माग बसवला काय तुम्ही? आम्हाला कळवलं पण नाही!" त्यांच्याच गल्लीतली पोरं पुढं सरावाला आली, तर आवाज सुरू झाला की घोरायला लागायची. जन्मापासून मागाच्या खडखडाटात झोपलेली पोरं ती! संशोधनवाल्यांना तर जागं डोकं हवं होतं. टाकी तपासायला म्हणून पहिल्यांदा आमच्या ह्यांना आत घातलं होतं. त्यांचं पोट अडकलं. त्यांना बाहेर ओढताना मी हसून हसून खाली बसले, आणि वन्सं मात्र टरफल पडलं नाही म्हणून खूष होत्या.

पण त्या टाकीची खरी खुबी म्हणजे अंगठा. डोकं आत गेलं की पोरगं एकटं पडतं. म्हणून वन्सं पायाशी उभ्या राहायच्या आणि आवाज थांबला की त्याच्या पायाचा अंगठा दाबायच्या. "मी अंगठा दाबला म्हणजे मी इथं आहे. तू अंगठा हलवलास म्हणजे तूही आहेस. बाकी काही बोलायचं नाही." खऱ्या मशीनमध्ये मदतीला बोलवायला हातात एक रबरी फुगा देतात, पण वन्संच्या पोरांना त्या फुग्याची पर्वा नसायची. "ताई, तुम्ही अंगठा धरणार ना?" एवढंच विचारायची.

ह्या नोकरीनं आमच्या घराची पार दशा केली. ते मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक, त्याच्याजवळ लोखंड नेलं की उडून चिकटतं. त्यामुळं वन्संच्या पिशवीत कायम एक छोटा चुंबक, आणि दिसेल त्याला तो लावून बघायची खोड. एका हळदीकुंकवाला त्यांनी तो आमच्या चुलतसासूबाईंच्या हाताजवळ नेला, आणि ज्या पाटल्यांचं वजन आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो त्या सोन्याच्या पाटल्या टक्‌कन चुंबकाला चिकटल्या! मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. वन्सं म्हणतात कशा, "काकू, तुम्हाला हे काढल्याशिवाय मशीनमध्ये जाता येणार नाही हं." चुलतसासूबाई त्यानंतर आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

दुसरी खोड झोपेची. लोक 'जेवलात का' विचारतात, वन्सं 'काल झोप कशी झाली' विचारतात. भाजीवालीला, पोस्टमनला, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यालासुद्धा. तो बिचारा लाजून लाल झाला. झोप बिघडली की पोरांचं मन बिघडायला लागतं, आणि ते सगळ्यात आधी घरच्यांना कळू शकतं, असं त्यांचं म्हणणं. "आजकालच्या पोरांना नुसते मूड हो!" असं कुणी म्हणालं की मग वन्संची जी गाडी सुटायची, ती समोरचा माणूस चप्पल शोधायला लागेपर्यंत.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. माझ्या माहेरचा दिवा विझायला आला तेव्हा हसणं थांबलं.

माझा धाकटा भाऊ मंद्रूपला असतो. शेती आहे, शेरडं आहेत. त्याचा एकुलता एक पोरगा सोमा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. गेल्या उन्हाळ्यात तो एकाएकी झोपेनासा झाला. शेततळं खणायचं, शेळ्यांच्या दुधाचा कारखाना काढायचा, एक ना दोन! गावभर बोलत सुटला. आणि पावसाळ्यात शेरडांच्या गोठ्यातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून जो पडला तो उठेना. मी भेटायला गेले तर म्हणतो, "आत्या, मी नसलो तर सगळ्यांचं सोपं हुईल की." मी तिथूनच वन्संना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी त्याला सोलापूरला आणवून डॉक्टरांपुढं बसवला. गोळ्या सुरू झाल्या. जरा फरकही दिसायला लागला. पण भावाच्या डोक्यात एकच, पोरगं नाटक करतंय. "कामाला नगं म्हणून पडतंय त्ये. अन् असं मरायचं बोलून आईला भ्या दाखवतंय. गोळ्यांनी आजून आळशी हुईल. आक्का, तुज्या नणंदेच्या मशीनमधी फोटू काढू दे. आजार दिसला तर गोळ्या देतो. न्हाय दिसला तर बंद. मग गप शेतावर चलायचं."

डॉक्टरांनी हो म्हटलं, सोमाही तयार झाला, आणि टाकीत सराव सुरू झाला. मी मात्र वन्संना जिन्यात गाठलं. "काय दिसेल हो फोटोत?"

"वहिनी, एकट्याच्या फोटोत हा आजार दिसतच नाही. कितीतरी पोरांचे फोटो एकत्र ठेवले तर बारीक फरक कळतो, तोही अजून पक्का नाही. डॉक्टर बोलून, विचारून, बघून ओळखतात."

"मग एखादा डाग दाखवा की! त्या माझ्या भावाला काय कळतंय त्यातलं? गोळ्या तरी चालू राहतील."

"नाही."

"पोरगं जाईल हो हातचं!"

"मी आज खोटा डाग दाखवला, तर उद्या ज्याच्या फोटोत डाग नाही त्याचा बाप म्हणेल, तुझं नाटकच आहे."

"मग घाला लोणचं तुमच्या खरेपणाचं!" असं म्हणून मी ताडताड खाली आले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चुरासुद्धा झाडला नाही.

फोटोच्या दिवशी वन्संनी भावाला सांगितलं, "दादा, आज अंगठा तुम्ही धरायचा." तो गोंधळला. "मी? त्येच्या पायाला हात लावू व्हय?" वन्संनी त्याच्या खिशातला अडकित्ता, कमरेचा पट्टा, कानातली बाळी, चांदीचा करदोडासुद्धा काढून घेतला. चांदीनं काही बिघडलं नसतं, पण वन्सं ऐकतात होय! कानात बोळे घालून त्याला पोराच्या पायाशी बसवला. आम्ही काचेच्या अलीकडे.

मशीन खडखडायचं, थांबायचं. थांबलं की माझा भाऊ अंगठा दाबायचा आणि अंगठा हलायचा. पहिल्यांदा हलला तेव्हा त्यानं आमच्याकडे बघितलं, थोडंसं हसला. पुढं पुढं तो बोळे घट्ट करून, मान खाली घालून, त्या पायाकडेच बघत बसला. आणि मग एकदा त्यानं दाबला, तर अंगठा हलेना. पुन्हा दाबला. काही नाही. आतला आवाज आम्हाला येत नव्हता, पण भावाचं तोंड दिसत होतं. गड्यानं दुष्काळ बघितलेत, बाप गेला तेव्हा तो रडला नाही. तो उभा राहिला, दोन्ही हातांनी ते पाऊल छातीशी धरलं आणि तोंड उघडून पोराला हाका मारायला लागला. वन्सं माइकवर ओरडल्या, "सोमा! अरे सोमा!"

अंगठा हलला. पोरगं झोपलं होतं, दुसरं काही नाही.

बाहेर आल्यावर वन्संनी भावाला समोर घेतलं. "दादा, खरं सांगते. फोटोतून तुमच्या एकट्या सोमाचं काही सांगता येत नाही. आजार दिसला असंही नाही, दिसला नाही असंही नाही."

भाऊ करदोडा मुठीत धरून बसला होता. म्हणाला, "फोटू ऱ्हाऊ द्या, ताई. त्येनं आंगटा हालवला न्हाय तवा मला वाटलं, संपलं. त्यो गोठ्यात म्हणायचा, मी नसलो तर. मी म्हणायचो नाटक." मग सोमाकडे न बघता म्हणाला, "गोळ्या कवा कवा द्यायच्या त्ये मला येकदा नीट सांगा." मी तिथंच सगळ्यांसमोर रडले, आणि घरी येऊन आधी वन्संच्या खोलीतला चुरा झाडला.

ते संशोधन आता संपलंय. फोटो कुठल्या कुठल्या मोठ्या गावांना गेले, अभ्यास चाललाय म्हणतात. टाकीत आमच्या ह्यांनी कोथिंबीर लावलीय. सोमा बरा आहे, पण आजार सरळ रेषेत चालत नाही. कधी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतो. अशा दिवसांत माझा भाऊ त्याला काही विचारत नाही, रागवत नाही. सकाळी दूध काढून झालं की गोठ्यात बाजेच्या पायथ्याशी बसतो आणि अंगठा दाबतो. मग वन्संना फोन करतो. एकच शब्द, "हालवला." आणि फोन ठेवतो.

तो फोन येईपर्यंत आमच्या वन्सं ओसरीवरच्या खुर्चीत बसलेल्या असतात. हो, बसलेल्या! मांडीवर फोन, चहावर साय धरलेली, कपाळावर टरफल ठेवलं तरी पडणार नाही अशा. फोन आला की "हलवला हो वहिनी!" म्हणत उठतात आणि भाकरीचा तुकडा घेऊन घरभर सुटतात. एखाद्या दिवशी फोनला उशीर होतो. तेव्हा मी केरसुणी हातात धरून दारात उभी राहते, आणि माझ्या घरात लवकर चुरा सांडू दे, एवढंच मागत राहते.