गवत ओळखणारा माणूस

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी आणि माझा मित्र कॉलेजच्या अभ्यासासाठी धारूरच्या माळांवर गवताची पाहणी करत होतो. गवत राहिलं तरच जमिनीत पाणी राहील, असं आम्ही गावोगाव तावातावानं सांगायचो. एकदा केजला परतताना जीपमध्ये आमच्या गवताच्या गप्पा ऐकत समोर बसलेला पन्नाशीचा माणूस वाकला. माझ्या पँटीत रुतलेलं कुसळ त्यानं टोकाकडून अलगद ओढून काढलं आणि चिमटीत फिरवत बसला.

“आमी चौघं मित्र पन कॉलेजात हेच करीत हिंडलो. एका फडक्यातली भाकर खाल्ली. आजून सोबतच हाव.”

मला तो आमच्यातलाच वाटला. “आता काय करता, काका?”

“सहकारी कारखान्यात शेतकी अधिकारी. ते तिघंबी तिथंच. कुठला माळ फोडला की ऊस येतोय, ते गवत बघूनच सांगतो आमी.”

मी हादरलो. “गावं टँकरवर जगतायत आणि तुम्ही माळ फोडून ऊस लावता?”

“घर तर चालवावं लागतंय, बाळा,” तो शांतपणे म्हणाला.

मी मित्राकडे पाहिलं. असल्या भांडणात तो नेहमी माझ्या पुढे असायचा. तो सीटच्या पुढच्या कडेला सरकून बसला होता.

“काका,” त्यानं हळूच विचारलं, “तुमच्या कारखान्यात नोकरीच्या जागा निघत्यात का?”