मिलिंदचा ठेका

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण – जाऊ दे, कारणं द्यायला लागलो की मी लगेच स्वतःची वकिली करतो.

नव्वदीच्या दशकात अंबरनाथ पूर्वेला आमचा बँड होता. तीन कॉर्डची, दोन मिनिटांची, सुसाट गाणी – आणि तीही मराठीत! गायक दोनदा बदलला, बेसवाला नोकरीसाठी दुबईला गेला. टिकलो आम्ही दोघं. गिटारवर मी, ड्रमवर मिलिंद. मिलिंद लहानपणापासून जयंतीला भीमगीतांवर ढोलकी वाजवायचा. तो हात ड्रमवर पडला की पोरं खुर्च्या सोडून नाचायची. लोक बोलायचे ते त्याच्याबद्दलच. मला ते सलायचं का? हो. फार सलायचं.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी कॅसेटवाल्याला आम्ही नमुन्याची टेप दिली होती. उत्तर आणायला मी एकटाच गेलो. तो म्हणाला, "ड्रमवाला सोना है, बेटा. गिटारवाला बदलो, कॅसेट मैं निकालता हूँ."

परतताना मी काही ठरवलं होतं का? नाही. पण तालमीच्या खोलीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी बोलून गेलो – ड्रमर बदला म्हणतोय. लय सोडून पुढे पळतो म्हणाला.

टेपवर गिटार रेंगाळलं की ड्रम पुढे पळतोय असंच वाटतं. मला ते ठाऊक होतं. मिलिंदने टेप तीनदा लावून ऐकली. "हां यार, मीच पळतोय," म्हणाला. भांडला नाही. स्टिक्स माझ्याच हातात दिल्या त्याने.

त्या शेठकडे मी पुन्हा कुणाला फिरकू दिलं नाही, दुसराच गाठला. नवा ड्रमर आला, कॅसेट निघाली, गाजलीसुद्धा. ठेके सगळे मिलिंदचेच होते.

पुढच्या जयंतीला ढोलकीवर भलताच कुणी बसला होता. मिलिंद मागे सतरंज्या अंथरत होता. त्याच्या आईने मला सरबत दिलं आणि विचारलं, "काय रे, याचा हात कशानं गेला? घरी डबासुद्धा वाजवत नाही आता." मी सरबत प्यायलो. लाज वाटली – पण प्यायलो.

नंतर बदलापूरला आमचा मोठा शो झाला. मिलिंद तिकीट काढून आला होता. संपल्यावर स्टेजमागे येऊन त्याने नव्या ड्रमरचा हात हातात घेतला. "भारी वाजवतोस," म्हणाला, "माझ्यासारखा पळत नाहीस."

मी शेजारीच वायर गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो.