आजारी नसलेल्या माणसाचं परमिट

खाकी उतरवून आता बराच काळ लोटला. बहुतेक गुन्हे डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यात भेटला होता, हेही कधीकधी आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. यात कुणाचं नाव घेणार नाही. ज्याने केलं तो भोगतोय आणि ज्यांना विनाकारण भोगावं लागलं, त्यांना आता सुखाने जगू द्यावं.

तेव्हा मी भाईंदर पूर्वेच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन केबिनकडे निघालो, तर ठाणे अंमलदार एका बाईंना समजावत होता, "ताई, परदेशातली भानगड आमच्या हद्दीत नाही येत. तुम्ही तिकडच्या आपल्या दूतावासाला लिहा."

हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सरकतं. हद्द ठरवून दिलेली असते ती कामाला जबाबदार माणूस असावा म्हणून. आमच्यातले काही जण मात्र तिचा उपयोग काम शेजारच्या दारात ढकलायला करतात. मी अंमलदाराकडे नुसतं बघितलं आणि बाईंना आत बोलावलं.

बाई आमच्याच हद्दीतल्या नवघरच्या. सासर-माहेर दोन्ही रत्नागिरीकडचं, स्वतः एका खासगी ऑफिसात नोकरीला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. जवळच्याच हाटकेश भागातल्या एका एजंटमार्फत त्याला आखातातल्या एका देशात काम मिळालं होतं. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास, आणि तिथे उतरल्या उतरल्या कस्टमवाल्यांनी त्याला ताब्यात घेतलं. बॅगेत गोळ्यांचं पुडकं होतं. झटक्यांच्या आजारावर देतात त्या गोळ्या. पण त्यांची नशाही होते, त्यामुळे त्या देशात आधी परवानगी घेतल्याशिवाय त्या नेता येत नाहीत.

"परवानगी होती साहेब," बाई म्हणाल्या. "परमिट होतं, शिक्क्याचं. ते खोटं निघालं."

"परमिट कुणी दिलं?"

"त्या एजंटनेच. निघायच्या आदल्या दिवशी घरी आला होता. म्हणाला, तिकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना इथलीच औषधं लागू पडतात. सगळं कायद्याने केलंय, फक्त परमिट नेणाऱ्याच्या नावावर काढावं लागतं, म्हणून तुमच्या नावावर काढलंय. ह्यांनी लगेच घेतलं. म्हणाले, आजारी माणसाचं काम आहे, त्यात काय विचारायचं?"

"आणि पकडले कसे गेले? बॅग उघडली?"

"कुणी उघडली नाही साहेब. हे स्वतःच काउंटरवर गेले. माझ्याकडे औषध आहे, हे परमिट, बघून घ्या म्हणाले. एजंटने बजावून सांगितलं होतं, विचारलं तरच दाखव. पण ह्यांचं म्हणणं, परवानगी आहे तर लपवायचं कशाला?"

त्या रडत नव्हत्या. रडून झालं असावं. फक्त एकच विचारलं, "तिकडे वर्षानुवर्षं आत ठेवतात म्हणे. खरंय का?"

मी खोटं बोललो नाही. "खरंय," म्हणालो, "पण अजून निकाल लागलेला नाही. तोवर आपल्याला इथे काम आहे."

पुडकं आणि परमिट नवघरच्या घरात दिलं गेलं होतं, म्हणजे फसवणूक माझ्याच हद्दीत झाली होती. बनावट दस्तऐवज आणि फसवणूक अशी कलमं लावून गुन्हा नोंदवून घेतला. मग परमिटाचे खरे नियम काय, याची माहिती त्या देशाच्या वकिलातीकडून मागवली. उत्तर साधं होतं. ज्याचा आजार, त्याच्याच नावावर, त्याच्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवानगी मिळते. दुसऱ्याचं औषध नेण्यासाठी असं परमिट मिळतच नाही. म्हणजे त्या कागदावर आपल्या मेकॅनिकलाच झटक्यांचा रुग्ण बनवलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. कागद परक्या भाषेत. त्याने फक्त स्वतःचं नाव आणि शिक्का बघितला आणि समाधान मानलं.

आपल्या लोकांची ही सवय मला नोकरीभर छळत आली. शेजाऱ्याला मोबाइलचं सिम हवं, घे माझ्या नावावर. भाच्याला गॅस हवा, लाव माझं नाव. कुणी परदेशी निघालं की अख्ख्या बिल्डिंगच्या पिशव्या त्याच्या दारात येतात, आणि कुणाची पिशवी उघडून बघणं म्हणजे त्याचा अपमान. नाव देताना आपण काही देतोय असं कुणाला वाटतच नाही.

हाटकेश दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथल्या अधिकाऱ्यांना कळवून एजंटला चौकशीला आणलं. इंडस्ट्रियल गाळ्यांच्या मधोमध त्याचं थंडगार ऑफिस. माणूस गुळगुळीत. माझ्या केबिनमध्ये मी बस म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसला.

"साहेब, मैं तो सर्व्हिस देतोय ना. पॅसेंजर बोलला, मला फिट येते, औषध न्यायचंय. मी ऑनलाइन अर्ज टाकला. अब उधर से काय आलं, असली की नकली, मला कसं कळणार?"

"पुडकं तू नेऊन दिलंस."

"कोण बोलतंय? त्याची बायको? ती तर बोलणारच, साहेब. नवरा आत आहे तिचा."

त्याने दाखवलेल्या अर्जावर मेकॅनिकची सही होती, आणि ती खरी होती. नोकरीच्या कागदांच्या गठ्ठ्यात कधीतरी करून घेतलेली. अर्जाला जोडलेल्या चिठ्ठीवरचा डॉक्टर अस्तित्वातच नव्हता, त्यावरही उत्तर तयार, "चिठ्ठी पॅसेंजरनेच आणली." प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असलेला माणूस दिसला की मला त्याचा संशय येतो. खरं बोलणारा अडखळतो, मागचं दुरुस्त करतो, डोकं खाजवतो. हा एकदाही अडखळला नाही. पण संशय कोर्टात चालत नाही. एका बाजूला याचा शब्द, दुसऱ्या बाजूला परदेशी कोठडीतल्या माणसाचा. नोटीस देऊन त्याला सोडावं लागलं. जाताना मला म्हणतो, "कभी फॅमिली टूर का असेल तर सांगा साहेब." त्या दिवशी मी जेवलो नाही.

वरिष्ठांनीही सुचवून पाहिलं की कागद पाठवून द्या आणि मोकळे व्हा. मी मोकळा झालो असतो हो, तो तिकडचा माणूस होणार नव्हता. एजंट एकाच पुडक्यावर थांबणारा नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याकडून आखातात निघालेल्या माणसांची चौकशी करायला मी आमच्या एका जुन्या हवालदाराला लावलं. हा बाबा कुणाशीही बोलायला बसला की समोरचा आपली कुंडली सांगतो.

आठवडा गेला नसेल, हवालदाराने एका मावशींना माझ्यापुढे आणून उभं केलं. मावशी उत्तनजवळच्या चौक गावच्या, मासळी सुकवून विकणाऱ्या. त्यांचा मुलगा त्याच एजंटमार्फत त्याच देशात निघाला होता. मावशींचा अवतार असा की एजंट समोर असता तर मला त्यालाच संरक्षण द्यावं लागलं असतं.

"सायेब, माजा पोर धडधाकट हाय! त्याला काय बी झाला न्हाय! आन् या मेल्याने त्याला फिट येते म्हणून लिवलाय!"

झालं होतं असं. मावशींनी मुलाबरोबर सुकट आणि बोंबील द्यायचे ठरवले होते. सुक्या मासळीचा वास बाकीच्या सामानाला लागू नये, म्हणून त्यांनी बॅगेतली एकूण एक वस्तू बाहेर काढून वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधायला घेतली. त्यात एजंटने दिलेलं पुडकंही उघडलं. आत गोळ्या आणि परमिट. लेकीने फोनवर त्या कागदाचं भाषांतर करून वाचून दाखवलं आणि घरात आकाशपाताळ एक झालं.

"लगीन ठरलाय त्याचा," मावशी म्हणाल्या. "पोरीकडच्यांना कळला तर काय बोलतील? फिटचा पोर गळ्यात बांधला म्हणतील! मना त्याचा नाव त्या कागदावरून खोडून पायजे."

कायदा, कस्टम, नशेच्या गोळ्या यांच्याशी मावशींना काही देणंघेणं नव्हतं. पोराच्या लग्नापायी त्या आल्या होत्या, आणि त्याच रागाने मला हवी ती वाट दाखवली.

मी विचार केला, की एजंटच्या म्हणण्याप्रमाणे औषध पॅसेंजरचं स्वतःचं असतं. ठीक. मग पॅसेंजरने जाणं रद्द केलं तर औषध कुणाकडे राहायला हवं? पॅसेंजरकडे. एजंटला त्याचं काय? पण औषध एजंटचंच असेल, तर तो ते सोडणार नाही.

मावशींना सगळं समजावलं. तुमच्या मुलासारखाच फसलेला एका बाईचा नवरा आज तिकडे कोठडीत आहे, हेही सांगितलं. मावशींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "बोल सायेब, काय करायचा?"

मावशींनी एजंटला फोन करून एवढंच बोलायचं होतं, की मुलगा जाणार नाही, तिकीट रद्द करा. मी हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. फोन लागल्यावर मात्र मावशींनी एजंटच्या मागच्या सगळ्या पिढ्यांचा समाचार घेतला आणि शेवटी "पोर न्हाय जात, जा!" म्हणून फोन आपटला. मला वाटलं, आता हा सावध होणार.

तो झाला नाही. लगेच उलट फोन आला. तिकिटाबद्दल चकार शब्द नाही, नोकरी गेल्याबद्दल नाही. "मावशी, वो दवाई का पॅकेट ठेवा हां, कुणाला देऊ नका. मी येतोय घ्यायला."

अमली पदार्थ विरोधी कक्षाला आणि उत्तनच्या ठाण्याला कळवून, पंच घेऊन आम्ही साध्या वेशात चौकला पोचलो. भर दुपारची वेळ. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या आडोशाला मी, आणि आमचा हवालदार गिऱ्हाईक बनून मावशींच्या ओट्यावर सुकटीचा भाव करत बसलेला. मावशींनी त्या गडबडीतही त्याला सुकट खरंच विकली, आणि भाव जराही कमी केला नाही.

एजंट रिक्षातून उतरला. स्वतःची गाडी मुद्दाम आणली नव्हती. मावशींनी पुडकं त्याच्या हातात दिलं, त्याने ते उघडून आतला माल बघितला आणि बॅगेत टाकलं. तेवढ्यात आम्ही पुढे झालो. पंचनामा झाला, चित्रीकरण झालं, मुद्देमाल सीलबंद झाला.

ठाण्यात पुन्हा तीच खुर्ची. या वेळी मी बस म्हणेपर्यंत तो उभा होता.

"औषध कुणाचं?"

"त्या मुलाचं. फिट येते त्याला."

"मग त्याचं औषध तू परत कशाला नेत होतास?"

पहिल्यांदाच त्याच्याकडे उत्तर तयार नव्हतं. मी पंचनाम्याचे कागद चाळत बसलो. चौकशीत गप्प राहायला शिकावं लागतं. समोरच्याला ती शांतता सहन होत नाही. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं, आणि मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. माल कुठून येतो, परमिट कुठल्या कॉम्प्युटरवर बनतं, तिकडे पुडकं कोण घेतो. तिकडचा तो आजारी म्हातारा? असा कुणी म्हातारा कधी नव्हताच. मेकॅनिकचं पुडकंही आपणच दिल्याचं त्याने कबूल केलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही हे मला माहीत होतं. पण त्याने सांगितलेल्या जागी छापा टाकल्यावर कॉम्प्युटर मिळाला, आणि त्यात मेकॅनिकच्या नावाचं परमिट मिळालं. तो पुरावा भक्कम होता.

खरी धावपळ पुढेच होती. सगळे कागद इंग्रजीत, मग अरबीत करून घ्यायचे, वर पाठवायचे, तिथून परराष्ट्र मंत्रालय, तिथून दूतावास. एका टेबलावर कागद अडला की मी स्वतः जाऊन उभा राहायचो. लोक कंटाळायचे. कंटाळू देत. बाई दर आठवड्याला यायच्या आणि मी सांगायला काही नसलं तरी त्यांना बसवून चहा द्यायचो. शेवटी तिकडच्या न्यायालयाने आमचे कागद ग्राह्य धरले. आरोपी स्वतःहून काउंटरवर आला होता, हीही गोष्ट निकालात धरली गेली. मेकॅनिक सुटला. बरेच महिने आत काढून, नोकरी गमावून, पण निर्दोष.

परत आल्यावर नवरा-बायको दोघे मला भेटायला आले. बारीक झाला होता, पण नजर सरळ. आभार मानून झाले. उठता उठता तो घुटमळला.

"साहेब, एक विचारू? त्या म्हाताऱ्यांना मग गोळ्या कुणी पोचवल्या का? आत असताना सारखं यायचं मनात. आपण इथे अडकलो, त्यांचं काय झालं असेल?"

बायकोने मान खाली घातली. तिला सगळं माहीत होतं. सांगायचं धाडस तिचं झालं नव्हतं. नोकरीत मी कितीतरी दारांवर जाऊन मृत्यूच्या बातम्या दिल्यात. त्यांपेक्षा हे सांगणं जड गेलं.

"असा कुणी म्हातारा नव्हताच," मी म्हणालो.

"कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही."

मला वाटलं, आता हा चिडेल, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. पण तो लांब श्वास सोडून म्हणाला, "बरं झालं साहेब. म्हणजे माझ्यामुळे कुणाचे हाल नाही झाले."

तोवर माझा समज होता की फसवणाऱ्याला लोभी माणूस लागतो. या प्रकरणाने तो खोडून काढला. त्या एजंटने या माणसाचा लोभ कधी चाचपलाच नाही. त्याने थेट चांगुलपणाला हात घातला. म्हणून त्याचा मला आजही इतर गुन्हेगारांपेक्षा जास्त राग आहे.

आता सोसायट्यांच्या कार्यक्रमांत कुणी बोलायला बोलावलं, तर मी कुणाला मदत करू नका असं सांगत नाही. त्या मेकॅनिकला भेटल्यावर तसं सांगायला तोंडच राहिलं नाही. एवढंच सांगतो, की कुणासाठी औषध नेणार असाल, तर आधी त्या आजारी माणसाला फोन लावा आणि त्याचा आवाज ऐका.