तीन मोटरी आणि चौथी ओळ

आमच्या धाकट्या भाऊजींनी आजवर एकही वस्तू विकत घेतलेली नाही. त्यांनी वस्तू मंजूर केल्या आहेत. माझ्या नवऱ्याचा हा पाठचा भाऊ एका सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत उभी हयात नोकरी करून निवृत्त झाला. कोणती कचेरी ते मी सांगणार नाही, ती अजून चालू आहे. निरोपाच्या दिवशी लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर भाऊजींनी आभाराच्या भाषणातच विचारलं, घड्याळ घेताना तीन कोटेशनं मागवली होती का. मागवली नव्हती. ते घड्याळ अजून खोक्यातच आहे.

यवतमाळच्या आमच्या घरात, माझे हे गेल्यापासून, खाली मी एकटी राहते, वर भाऊजी आणि माझी धाकटी जाऊ. अंगण एकच, त्यामुळे त्यांचा संसार मला तिकीट न काढता पाहायला मिळतो. भाऊजी वांगी आणायला गेले की तीन बायांना भाव विचारणार, तिघींचं एकेक वांगं उजेडाला धरून पाहणार, आणि निर्णय घेऊन पहिलीकडे परत येईपर्यंत तिची पाटी रिकामी झालेली असणार. मग रिकामी पिशवी घेऊन घरी येतात, पण चेहऱ्यावर समाधान असं की पाहणाऱ्याला वाटावं, भरलं वांगं खाऊनच आले. एकदा ताप भरला तेव्हा तीन डॉक्टरांची मतं घेतली. तिसऱ्याचं मत येईपर्यंत ताप उतरला. तो आपल्या पद्धतीला घाबरून पळाला असं ते आजही मानतात. प्रत्येक खरेदीचा एक तुलनात्मक तक्ता होतो, पट्टीने आखलेला, आणि त्यात शेवटचा रकाना असतो ‘शेरा’ म्हणून. हा रकाना माझ्या चांगला परिचयाचा आहे, कारण एकदा मी स्वतः त्यात बसून आले आहे.

झालं असं की मला पाहायला ही मंडळी ढाणकीला आमच्या घरी आली, तेव्हा भाऊजी नुकतेच कारकून म्हणून लागले होते आणि सोबत वही घेऊन आले होते. मी वीस वर्षांची होते आणि माझे डोळे फार सुंदर आहेत अशी माझी खात्री होती. आठवडाभर आरशासमोर बसून पापण्या हळूच खाली कशा करायच्या याचा मी सराव केलेला. प्रत्यक्षात पापण्या इतक्या खाली गेल्या की चहाचा ट्रे घेऊन मी थेट चौकटीवर आदळले, आणि आदळल्यावर मलाच हसू आवरेना. नवरदेव जमिनीकडे बघत होते. भाऊजींनी तेवढं वहीत लिहून घेतलं आणि पाणी विहिरीचं की नळाचं, असं विचारलं. लग्नानंतर महिन्याभरात ती वही माझ्या हाती लागली. तीन मुलींचा तक्ता होता. माझ्यापुढे शेरा होता, ‘हसणे जास्त. पोहे बरे.’ तीन गावांतून माझी निवड झाली म्हणून मी दोन दिवस घरात मिरवले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी सहज सांगितलं की पहिला नंबर दुसऱ्याच एका मुलीचा होता, तिने नकार दिला. त्यानंतर किती तरी दिवस माझ्या पापण्या सरळच होत्या.

तर अशा माणसाच्या गॅरेजच्या शटरची मोटर दिवाळीच्या तोंडावर गेली. मोटरीच्या पेटीत पाल शिरली आणि दोघी एकदमच गेल्या. मिस्त्री आला, जळकी मोटर उतरवून म्हणाला, ही आता होत नाही, नवीन बघा. ‘नवीन बघा’ हे शब्द भाऊजींना निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणी तरी अधिकृतपणे म्हणालं होतं. त्याच दुपारी त्यांनी नवी फाइल उघडली.

या शटरवर एका बाईचं जाणं-येणं अवलंबून होतं, हे मात्र त्या फाइलीत कुठेच नव्हतं. धाकटीची आई आर्णीला राहते. नव्वदीची आहे, एकटी आहे आणि हट्टी आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी धाकटी गाडी काढून तिकडे जाते, आईला न्हाऊ घालते, तिची नखं काढते, तिच्याशी भांडते आणि संध्याकाळी परत येते. पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेली ही बाई चालवते मात्र छान. पण वर्षभरापासून तिचा खांदा धरला आहे. स्टिअरिंग फिरतं, हात डोक्याच्या वर जात नाही. मोटर होती तोवर रिमोट दाबला की काम व्हायचं. मोटर गेल्यावर ते जड शटर वर ढकलणं तिच्या हातचं राहिलं नाही. मग जाताना जिन्याखालून हाक आणि येताना गेटापाशी दोन हॉर्न, की भाऊजी गुडघ्याला हात लावत खाली येणार आणि शटर उचलणार. भाऊजी पूजेत असले की आर्णी थांबली. भाऊजी पेन्शनरांच्या बैठकीला गेले की आर्णी रद्दच.

इकडे मोटरींची पाहणी चालू होती. तीन दुकानांतून तीन मोटरी निघाल्या. एक स्वस्त पण आवाजाची, एक मुकी पण महाग, आणि एक म्हणे मोबाइलवरून उघडणारी. दुकानदाराच्या बोलण्यावर भाऊजींचा विश्वास नसल्याने त्यांनी जागेवर जाऊन तपासणी सुरू केली. बसस्टँडकडच्या एका औषधाच्या दुकानाला मुकी मोटर होती. भाऊजी सलग चार सकाळी दुकान उघडायच्या आधी समोर उभे राहून शटर वर जायला किती सेकंद लागतात ते मोजत होते. दुकानदाराला पहिल्या दिवशी वाटलं गिऱ्हाईक आहे, दुसऱ्या दिवशी वाटलं इन्स्पेक्टर आहे, तिसऱ्या दिवशी त्याने स्टूल दिलं आणि चौथ्या दिवशी आपणहून ॲसिडिटीची गोळी दिली. होळी आली, गेली. मी एकदा टोकलं, “भाऊजी, पोरीचं लग्न याच्यापेक्षा लवकर जमवलं होतं तुम्ही.” तर म्हणाले, “वहिनी, घाई कायले करता? वीज गेल्यावर उघडते का, हे अजून पाहून राह्यलो मी.”

असाच एक मंगळवार. भाऊजी सकाळच्या एसटीने ढाणकीला गेले होते, कारण तिथल्या कुण्या कापूस व्यापाऱ्याच्या गोदामाला आवाजाची मोटर बसवली होती आणि ती पाहिल्याशिवाय त्यांना शिफारस करता येत नव्हती. माझ्या माहेरी ते जावयासारखे कधी गेले नाहीत, शटर पाहायला मात्र गेले. आणि दहाच्या सुमाराला आर्णीहून शेजारणीचा फोन आला, आई बाजेवरून उतरताना पडली, उठता येईना.

धाकटी शटरपाशी धावली. मीही गेले. आता इथे माझी जुनी बढाई मला नडली. तरुणपणी मी ज्वारीचं पोतं एकटी उचलायची, असं मी या घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की माझाही त्यावर विश्वास बसलेला. खरी गोष्ट अशी की पोतं बैलगाडीत होतं आणि मी त्याच्यावर बसले होते. पण त्या वेळी हे आठवलं नाही. “सरक तू,” असं म्हणून मी पदर खोचला, शटरला दोन्ही हात घातले आणि जोर लावला. शटर गुडघ्याएवढं वर आलं, माझी कंबर खालीच राहिली. त्या फटीतून गाडीचं चाक दिसत होतं. धाकटी वाकून त्या चाकाकडे पाहत राहिली. मग तिने पर्स उचलली आणि ऑटो करून बसस्टँडवर गेली. आर्णीपर्यंत उभ्याने गेली हे मला मागाहून कळलं.

म्हातारीला मुका मार होता, हाड शाबूत होतं. संध्याकाळी धाकटी परतली तेव्हा भाऊजीही नुकतेच पोचून माझ्या ओट्यावर पाणी पीत होते. मी सगळं सांगितलं होतं. ग्लास हातात धरून ते नुसतेच बसले होते. धाकटीला पाहून उठले आणि विचारलं, “आई कशी आहे?”

“बरी आहे. तुमचा तक्ता झाला का?”

भाऊजींनी ग्लास ओट्यावर ठेवला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही नको असणार. “ढाणकीची मोटर लय आवाज करते,” ते म्हणाले.

धाकटी जिना चढून गेली. त्या घरात त्या दिवशी भांड्यांचाही आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पूजेला बसले तेव्हा मी वर जाऊन ती फाइलच पळवली. फाइल तशीच्या तशी मिस्त्रीला द्यायची आणि म्हणायचं, यातली वाट्टेल ती लाव, असा माझा बेत होता. खाली आणून तक्ता उघडला. पट्टीने आखलेल्या ओळींत तीन मोटरी होत्या, त्यांचे सेकंद होते, आवाज होता, वीज गेल्यावरची वागणूक होती. आणि त्यांच्याखाली एक चौथी ओळ होती. ‘सध्याची व्यवस्था (स्वतः)’. आवाज: होतो. वीज: लागत नाही. बिघाड: गुडघा. आणि शेऱ्याच्या रकान्यात, पेनने नाही, पेन्सिलीने, ‘ती दोन हॉर्न देते. खाली जावे लागते. बरे वाटते.’

मी चोरी करायला गेले होते आणि हाती भलतंच लागलं. गलबलले, हे खरं. पण लगेच रागही आला, की यांना बरं वाटावं म्हणून तिने आर्णीपर्यंत उभ्याने जायचं? निवृत्त झाल्यापासून या माणसाला कोणी कुठेच बोलावत नाही हे मला दिसत होतं. पण बोलावणं यावं म्हणून बाईला कोंडून ठेवायचं हे काही मला पटेना. मी धाकटीला खाली बोलावलं आणि ओळीवर बोट ठेवलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

“ताई, हे तोंडानं सांगाले काय झालतं यांना?”

“तोंडानं बोलाची मंजुरी नसन आली,” मी म्हटलं.

ती हसली नाही. माझ्याकडून पेन मागून घेतलं, मुक्या मोटरीच्या पुढे ‘मंजूर’ असं लिहिलं, खाली सही केली आणि चौथ्या ओळीला हातही न लावता फाइल मिटली. मग स्वतः वर नेऊन देवघरासमोर ठेवली. भाऊजींनी पूजा आटोपून ती उघडली. मला वाटलं आता वाद होणार. पण मंजुरीची सही झालेल्या कागदावर या माणसाने आयुष्यात कधी वाद घातलेला नाही. दुपारी मिस्त्री आला.

आता धाकटी मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या वेळेला निघते, भाऊजी पूजेत असोत की बैठकीत. रिमोट दाबते, शटर मुकाट वर जातं, ती जाते. पण संध्याकाळी परत आली की गेटापाशी थांबून दोन हॉर्न देते. रिमोट तिच्या पर्समध्येच असतो, मी पाहिला आहे. विचारलं तर म्हणते, सेल गेला असन. भाऊजी गुडघ्याला हात लावत उतरतात, भिंतीवरचं बटण दाबतात आणि शटर वर जाईपर्यंत मान वर करून असे उभे राहतात की जणू तेच उचलून राह्यले.

मी खिडकीतून हे पाहते आणि तोंडात पदर धरून हसते. माझा शेराच तो आहे, हसणे जास्त. आमच्याकडे गाडी नव्हती, सायकल होती. माझे हे कचेरीतून आले की मी फाटकाची कडी काढावी म्हणून घंटी वाजवायचे. मी तेव्हा तरुण होते, डोळे सुंदर होते, आणि बाईने पहिल्या घंटीला उठू नये असं माझं मत होतं. तिसरी वाजली तरी मी बसून राहायची. ह्यांनी चौथी कधी वाजवली नाही, हात घालून स्वतःच कडी काढली, आणि का वाजवत नाही असं मीही कधी विचारलं नाही. आता संध्याकाळी गेटावर दोन हॉर्न वाजले, की भाऊजी जिना उतरायच्या आत मीच खुर्चीतून अर्धी उठलेली असते.